व्हाळापलीकडची मासळी

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी गावची हद्द मोडली, तीही हातात चार बांगडे धरून.

मी मूळची वेंगुर्ल्याची. पन्नासच्या दशकातली ती शेवटची वर्षं. आमचा सगळा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात मोडायचा. ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडले आणि मालवण तालुक्यातल्या एका आतल्या गावात मला शाळा मिळाली. मालवण एका बाजूला, कणकवली दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडची माणसं आम्हांला ‘तिकडचे’ म्हणायची. गावाच्या मधून एक व्हाळ वाहायचा. व्हाळ म्हणजे ओढाच. उन्हाळ्यात गुडघाभर, पावसात अंगावर येणारा. त्याच्या अलीकडे एक वाडी, पलीकडे दुसरी, आणि मध्ये ओलांडायला पोफळीच्या खोडांचा साकव. शाळा अलीकडच्या वाडीत होती.

मला खोली मिळाली ती व्हाळाच्या अगदी काठावर, एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरी. हे तरुणपणी बरीच वर्षं आगबोटींवर स्वयंपाकी होते. गावात सगळे त्यांना बटलर म्हणत. बायको वारलेली, मुलं मुंबईला. घरात ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण, जिला सगळे आक्का म्हणत. मला पोचवायला आलेल्या माझ्या वडिलांना बटलरांनी पडवीत बसवलं, शहाळं दिलं आणि सांगितलं, “बाईंनी हंय घरच्यासारख्या रव्हाचा. पण चूल मात्र येगळी होयी.”

वडिलांना ही अट फारच पसंत पडली. कुणाच्या उपकारात राहायला नको, असं ते वाटेत मला म्हणाले. स्वयंपाकघरात आक्कांच्या चुलीपासून दोन हातांवर माझी चूल मांडली गेली. ती बटलरांनी स्वतःच्या हाताने लिंपली. मला तेव्हा वाटलं, म्हातारा शिस्तीचा दिसतो.

तर त्या आठवड्यातली गोष्ट. एक मुलगी शाळेत येत नव्हती म्हणून मी सकाळीच तिच्या घरी पलीकडच्या वाडीत गेले होते. तिथे एक मासेवाली अंगणात पाटी उतरवून बसलेली. वयस्क, काळीसावळी, आवाज असा की आंब्यावरचा कावळा उडावा. तिच्या पाटीतले बांगडे नुकते समुद्रातून आल्यासारखे ताठ होते. मी चार घेतले. साकवावरून परत येत होते तर अलीकडच्या काठावर दुसरी मासेवाली उभी. ही तरुण, उंच, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस. तिने माझ्या हातातल्या पानाच्या पुडक्याकडे पाहिलं.

“ता काय, बाई?”

“बांगडे.”

“खंयसून घेतलास?”

“पलीकडून.”

तिने पाटी डोक्यावर सावरली. “शाळा अलीकडे आणि मासे पलीकडचे? बरा आसा. मगे माका कित्याक इचारतास?”

मी तिला काहीच विचारलं नव्हतं. पण ती निघून गेली, आणि त्यानंतर पंधरा-वीस दिवस माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. इतर दारांत ती थांबे, हसे, पाटीवरचं फडकं काढे. आमच्या घरापाशी आली की मात्र पावलं वाढवे.

मी बटलरांना विचारलं. ते सुपारी कातरत होते. सुपारी खाली ठेवून त्यांनी मला सगळा इतिहास सांगितला, आणि सांगताना त्यांचा आवाज बोटीवरच्या मोठ्या साहेबाविषयी बोलताना व्हायचा तसा हळू झाला.

म्हातारी होती ती तोंडवलीची. पहाटे खाडी ओलांडून चालत यायची. तिच्या सासूपासून पलीकडची वाडी तिची. तरुण होती ती मालवणची. ती एस.टी.च्या टपावर पाटी टाकून फाट्यापर्यंत यायची, तिथून चालत. तिच्या आईपासून अलीकडची वाडी तिची. मध्ये व्हाळ. तोंडवलीची व्हाळाच्या अलीकडे यायची नाही, मालवणची पलीकडे जायची नाही. आणि एका घराने एकीकडूनच घ्यायचं. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण गावातल्या प्रत्येक पोराला आणि मला वाटतं मांजरांनाही ठाऊक होतं.

“मग आपलं घर कुणाकडे?” मी विचारलं.

बटलरांनी कपाळावर हात मारला. “ताच तर सगळा झंगाट!”

झालं होतं असं. खूप वर्षांपूर्वी एका मोठ्या पुरात व्हाळाने वाट बदलली. आधी तो घराच्या मागून जायचा, पुरानंतर पुढून जायला लागला. मागचा जुना पट्टा कोरडा पडला, त्यात आता अळू माजलं होतं. जुन्या व्हाळाच्या हिशेबाने घर पलीकडच्या वाडीतलं, म्हणजे तोंडवलीचं. नव्या व्हाळाच्या हिशेबाने अलीकडचं, म्हणजे मालवणचं...

“थांबा,” मी म्हटलं. “उलटं ना? पुढून व्हाळ गेला तर घर पलीकडे जातं.”

“बघलास? तुमका पण समाजना नाय!” बटलर खूश होऊन म्हणाले. “वीस वर्षां झाली, गावात कोणाकच समाजना नाय.”

थोडक्यात, घर दोन व्हाळांच्या मधल्या जिभेवर होतं. एकीच्या आईने आणि दुसरीच्या सासूने त्या घरावरून एकदा इतकं भांडण केलं होतं की शेवटी दोघींनी बटलरांना सांगितलं: एकीचं नाव घे. आणि बटलर नाव घेईनात. कारण तोंडवलीची आणायची खाडीतली सुंगटं म्हणजे कोळंबी, मुडदुशे, तारली. मालवणची आणायची मोठ्या होड्यांचा सरंगा आणि सुरमई. पन्नास देशांचं पाणी प्यालेला, माशांवर जीव असलेला माणूस, त्याने यातलं काय सोडायचं? तो म्हणाला, दोन्ही द्या. दोघी म्हणाल्या, मग एकही नाही.

तेव्हापासून गावातला सगळ्यात चांगला स्वयंपाकी शेजाऱ्यांच्या दयेवर मासे खात होता.

मला आता वेगळ्या चुलीचा उलगडा झाला. येगळी चूल म्हणजे येगळं घर. आक्कांची चूल तोंडवलीची, माझी चूल मालवणची. एका छपराखाली दोन गिऱ्हाइकं! बटलरांनी खोली भाड्याने दिली होती ती मला नव्हे, माझ्या चुलीला. आणि मी पहिल्याच आठवड्यात भलत्या काठावरचे बांगडे आणून त्यांचा सगळा बेत पाण्यात घातला होता.

“आता काय करायचं?” मी विचारलं.

“तुमी नवीन आसात. चुकलंय म्हणान सांगा. मालवणची मनान बरी आसा.”

दुसऱ्या दिवशी मी साकवाच्या अलीकडच्या टोकाला उभी राहिले आणि मालवणची आली तेव्हा म्हटलं, “चुकलंय गो बाये. माका म्हायत नाय होता.” तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग पाटी उतरवली. पहिली सुरमईची तुकडी तिने मला दिली ती आजही आठवते. तिकडे आक्का साकव ओलांडून तोंडवलीचीला सांगून आल्या की आपली चूल आता तिचीच, आणि येताना सुंगटं घेऊन आल्या. त्या दुपारी बटलर स्वयंपाकघराच्या मधोमध पाटावर बसले होते, डाव्या हाताला आक्कांची चूल, उजव्या हाताला माझी, आणि दोन्हीकडून ताटात येत होतं. आक्का म्हणाल्या, “बघ, मेल्या, आता तरी गप जेव.” एरवी त्या दिवसातून चार वाक्यं बोलायच्या, त्यातली तीन भावाला उद्देशून असत.

असं आमचं बरं चाललं होतं. रविवारी मालवणची येत नसे. ती चर्चला जाई. सोमवारी पलीकडची वाडी शिवाचा वार पाळी, म्हणून तोंडवलीचीला सुट्टी. बटलरांना त्यामुळे वारांचं फार भान होतं. पंचांग नसतानाही ते कधी चुकले नाहीत.

साठ साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील. एका हिवाळ्यात गावात एक सरकारी साहेब आले. घाटावरचे, तरुण, डोक्यावर टोपी, खांद्याला कातडी पिशवी आणि पिशवीत नकाशा. शेतमालाच्या बाजारांसाठी नवा कायदा होत होता. प्रत्येक बाजाराला त्याचं क्षेत्र ठरवून द्यायचं, कुठलं गाव कुठल्या बाजारात मोडतं ते नक्की करायचं, असं त्यांचं काम होतं. आमचं गाव मालवणात घालायचं की कणकवलीत, हे त्यांना कळत नव्हतं. सरकारी माणूस गावात आला की पहिला शाळेत येतो आणि शिक्षकाला कामाला लावतो. त्याप्रमाणे त्यांनी मला बरोबर घेतलं. त्यांना आमची बोली कळत नसे. मी मध्ये उभी राहून सांगायची.

शाळेतच मोठी माणसं जमवली. साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला आणि शुद्ध मराठीत विचारलं, “तुमचं भात कुठे जातं?”

एक शेतकरी म्हणाला, “पोटात.”

“तसं नव्हे. विकता कुठे?”

“इकूक उरता खंय, सायबानू?”

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. “बरं. नारळ?”

“नारळ मालवणाक.”

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी नकाशावर मालवणच्या दिशेने बाण काढला.

“काजू?”

“जो व्यापारी पयलो येयत तेका.”

“आंबे?”

“मुंबैक.”

“मुंबईच्या बाजारात?”

“नाय, झिलाक. झील थंय गिरणीत आसा.” झील म्हणजे मुलगा, हे मी साहेबांना सांगितलं.

“कोकमं?”

यावर दोन-तीन माणसं एकदम म्हणाली, “पावण्यांक!” आणि सगळे हसले. मग एक जण गंभीरपणे म्हणाला की कापड घ्यायला आम्ही कणकवलीला जातो. दुसरा म्हणाला, तू जातोस, कारण तुझी सासुरवाडी तिकडे आहे. मी मालवणातच घेतो. त्यावरून दोघांत कुणाच्या बायकोचं लुगडं जास्त टिकलं हा वाद पेटला. साहेब माझ्याकडे पाहू लागले. मी लुगड्याचा भाग सोडून बाकीचं त्यांना सांगितलं.

तेवढ्यात दारातून मोठा आवाज आला. “हद्द घालूक कोण इलो हा?”

तोंडवलीची उभी होती. पाटी डोक्यावर तशीच. वाडीत बातमी लागली होती की सरकार हद्द घालतंय, म्हणून एवढ्यापुरता तिने व्हाळ ओलांडला होता. तिच्या मागून, पण तिच्यापासून चार हात राखून, मालवणचीही आली. ती अलीकडच्या दाराने आत शिरली, तोंडवलीची पलीकडच्या. शाळेला दोन दारं होती ती सोयीची झाली.

“मावशी, हे मासळीचं काम नाही,” मी समजावलं. “भात, नारळ, काजू...”

“व्हाळ तोच मां?” म्हातारी म्हणाली.

“व्हाळ तोच.”

“मगे इचार तेंका, खंयचो व्हाळ धरतले. जुनो की नवो?”

मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, “व्हाळ दोन आहेत?” आणि तिथून ते हातचे गेले.

नकाशात एकच होता. साहेबांना आपलं काम नीट करायची हौस होती. त्यांनी प्रत्यक्ष पाहायचं ठरवलं. मग सगळी वरात व्हाळाकडे निघाली. पुढे साहेब, त्यांच्या एका बाजूला तोंडवलीची, दुसऱ्या बाजूला मालवणची, मागे मी, मागे गाव. जुन्या पट्ट्यापाशी म्हातारी अळवात उभी राहिली आणि म्हणाली, “हो खरो व्हाळ. माझ्या सासूचो.” मालवणचीने नव्या व्हाळात पाय बुडवून सांगितलं, “ज्यात पाणी नाय तो कसलो व्हाळ? हो खरो.” साहेब एकदा इकडे, एकदा तिकडे. शेवटी नीट दिसावं म्हणून ते पोफळीच्या साकवावर मधोमध जाऊन उभे राहिले. नवख्या माणसाने त्या साकवावर वाकून बघायचं नसतं. आधी टोपी गेली, मग टोपी धरायला साहेब गेले.

पाणी कंबरेएवढंच होतं. दोघी मासेवाल्या एकाच वेळी धावल्या. एकीने एका हाताला धरलं, दुसरीने दुसऱ्या, आणि दोघीही आपापल्या काठाकडे ओढू लागल्या. साहेब मध्ये उभे, “सोडा, सोडा हो मला!” म्हणत. शेवटी बटलर पाण्यात उतरले आणि त्यांना आमच्या मागीलदारी घेऊन आले.

साहेबांचे कपडे वाळत घातले आणि त्यांना बटलरांचा मुंबईचा पायजमा दिला. मग बटलर आणि आक्का दोन चुलींपाशी बसले. त्या दिवशी आक्कांच्या चुलीवर तोंडवलीच्या सुंगटांचं सुकं होतं आणि माझ्या चुलीवर मालवणच्या सुरमईची कढी. साहेबांनी आधी संकोच केला, कारण त्यांनी घाटावर नदीचे मासे तेवढे खाल्ले होते. मग संकोच सोडला. मग बोलणंही सोडलं. आक्का त्यांना वाढतच राहिल्या. बटलर समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“सायबानू, खरा सांगा,” ते शेवटी म्हणाले. “ह्यातला एक सोडूचा तर खंयचा सोडशात?”

साहेबांनी दोन्ही वाट्या पाहिल्या. “कठीण आहे,” ते म्हणाले.

“बघलास?” बटलर आक्कांना म्हणाले. “बघलास? सरकारच सांगता कठीण आसा!”

जाताना साहेबांनी नकाशावर नव्या व्हाळावरून रेघ ओढली. पलीकडची वाडी कणकवलीला, अलीकडची मालवणला. आमचं घर नेमकं कुठे येतं, हे त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने झाकून टाकलं.

त्याच वर्षी शिमग्याच्या सुमारास तोंडवलीची येईनाशी झाली. पहिले काही दिवस पलीकडच्या वाडीला वाटलं, मासळी नसेल. मग कळलं, खाडीच्या काठावर चिखलात घसरून तिचा पाय मुरगळला होता आणि घोट्याला चांगलीच सूज होती. वैदूने लेप लावला आणि उठायचं नाही असं सांगितलं.

पलीकडची वाडी मासे नसलेल्या संसाराला लागली. वालीची भाजी, वाटाण्याचं सांबारं, सुकटाची चटणी. सुकटही संपलं. मग तिथल्या बायका साकवाच्या पलीकडच्या टोकाला येऊन मालवणचीला हाक मारू लागल्या.

“गो, ये मगे हंय! कोण नाय आता.”

मालवणची अलीकडून म्हणायची, “मी थंय पाय ठेवचंय नाय.”

“पण ती येणा नाय!”

“ती येणा नाय म्हणान काय ता माझा झाला?”

तिच्या पाटीत उरलेले मासे असायचे. ते ती परत मालवणला घेऊन जायची, पण साकव ओलांडायची नाही. पलीकडच्या बायका अलीकडे येऊन घ्यायला तयार होत्या, पण तिने तेही नाकारलं. “तिच्या घरांक मी इकूचंय नाय. उद्या ती येतली आणि म्हणतली, पाय मोडलो तर लुटलंस.”

इथे बटलरांना त्यांचं कर्तृत्व सापडलं. ते मला म्हणाले, “बाईनू, तुमच्या चुलीक जरा जास्त मासे लागतत, नाय?”

मी म्हटलं, “माझी चूल एकटीची आहे.”

“तुमका पावणे इले तर?”

असे पाहुणे येऊ लागले की ज्याचं नाव ते. मालवणची माझ्या दारात पाटी उतरवायची, मी जास्तीचे मासे घ्यायची, आणि मागच्या दाराने पलीकडच्या वाडीतली माणसं माझे पाहुणे म्हणून यायची. कोणी तांब्या आणी, कोणी पानं. बटलर मागीलदारी पाट टाकून बसायचे आणि प्रत्येकाला कुठला मासा कसा करायचा ते सांगून मगच द्यायचे. एका बाईला त्यांनी मुडदुशाऐवजी सरंगा दिला, तर ती म्हणाली, “माका ह्यो करूक येना नाय.” बटलर तिच्या घरी जाऊन करून देऊन आले. मला वाटतं, बोटीवरून उतरल्यानंतरचे त्यांचे सगळ्यात सुखाचे दिवस ते होते. मालवणचीला हे कळत नव्हतं असं नाही. तीही रोज जास्त मासे आणत होती, आणि मला न हसता विचारत होती, “आज किती पावणे, बाई?”

पाडव्यानंतर तोंडवलीची आली. काठी टेकत, पाटीशिवाय. वाडीची खबर घ्यायला म्हणून. पलीकडच्या बायकांनी तिला सगळं सांगितलं. तशी ती साकवावरून, काठी आपटत, अलीकडे आली. सरकारी साहेबांचा तो दिवस सोडला तर जन्मात पहिल्यांदा. मी शाळेतून घरी येत होते. आमच्या अंगणात मालवणची पाटी उतरवून बसली होती. म्हातारीला समोर बघून ती उभीच राहिली.

“माझ्या गिऱ्हायकांक मासे दिलंस नाय?” म्हातारी कडाडली.

“नाय गे मावशे! देवाची आण. साकव चढलंय नाय मी.” तिने क्रूस हातात धरला.

“नाय दिलंस?”

“एक तारलो पण नाय.”

“मेल्या तोंडाचे!” म्हातारीने काठी जमिनीवर आपटली. “माझी माणसां वाटाणे खात बसली, आणि तू पाटी भरान मालवणाक परत नेलंस? तुका लाज नाय?”

मालवणचीने हातातला क्रूस सोडला. “पण हद्द तुझी...”

“हद्द माझी आसा म्हणान इचारतंय! माझी माणसां उपाशी रवली तर बोल कोणाक? माका! माजो पाय सुजललो, माणसांची पोटां नाय सुजलली. मी आजारी तर तू इकूचा. मी बरी झालंय की तू थांबूचा. इतक्यासाठी काय बामणाक इचारूक होया?”

मालवणची खाली बसली आणि रडायला लागली. रडता रडता हसूही लागली. तोंडवलीचीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग काठी बाजूला टाकून तिच्याशेजारी, तिच्याच पाटीपाशी बसली. बटलर दारात उभे होते. आक्का आतून आल्या आणि म्हणाल्या, “पाणी तरी दी दोघींक, खांबासारखो उभो काय रवलंस?”

त्या दिवशी आमच्या अंगणात जे ठरलं ते पुढे वर्षानुवर्षं चाललं. आजारपणात एकीने दुसरीची वाडी सांभाळायची. रविवारी तोंडवलीचीने अलीकडे यायचं, सोमवारी मालवणचीने पलीकडच्या वाडीतल्या, सोमवार न पाळणाऱ्या क्रिस्तांव घरांत जायचं. बाकीच्या दिवशी व्हाळ जिथे होता तिथेच. आणि आमचं घर दोघींचं. बटलरांनी त्या संध्याकाळी पडवीत बसून मला विचारलं की आता माझी चूल काढली तर चालेल का, कारण तिची गरज राहिली नव्हती. मी म्हटलं, तुमची गरज संपली असेल, मला भात कुठे शिजवायचा? तेव्हा ते फार शरमले, आणि चुलीला दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात शेण-मातीचा दिला.

साहेबांच्या रेघेचं काय झालं ते खूप नंतर कळलं. वरच्या कचेरीने ती परत पाठवली. एक गाव दोन बाजारांत वाटता येत नाही, असा नियम निघाला, आणि सगळं गाव कणकवलीकडे गेलं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तसा कागद चिकटवला होता. तो वाचायला मी आणि बटलर गेलो. कागदाखाली दोन माणसं नारळाच्या गोणी शिवत बसली होती.

“हे खंय चल्ले?” बटलरांनी विचारलं.

“मालवणाक,” एक जण म्हणाला. “आणि खंय जातले?”

बटलरांनी कागदाकडे बोट केलं. त्या माणसाने मान वर करून कागद पाहिला, सुई दातात धरली आणि म्हणाला, “ता भाताचा असात. आमच्याकडे भात उरना नाय.”

नंतर गावात सडक आली. व्हाळावर पुलाची फरशी टाकली गेली आणि एस.टी. थेट शाळेपर्यंत येऊ लागली. तोंडवलीचीचा पाय पूर्ण बरा झाला नाही. तीही आता खाडी ओलांडून बस पकडायची आणि त्याच बसने यायची. टपावर दोघींच्या पाट्या शेजारी शेजारी. कंडक्टर पाट्या खाली देताना मुद्दाम अदलाबदल करायचा, मग दोघी त्याला एकाच आवाजात शिव्या द्यायच्या. बसमधली माणसं त्यासाठी थांबायची. शिव्या संपल्या की म्हातारी पाटी डोक्यावर घेई, फरशीवरून पलीकडे जाई. आणि मालवणची तिने फरशी ओलांडेपर्यंत तिथेच उभी राहून बघत असे, पाय घसरत नाही ना म्हणून.